डेटा सेंटर सोलापूरला नको, पण सोलापूरचा डेटा तिथं पाहिजे

मा. संपादक,

एका वाचकांनी तुमच्याकडं लिहिलं होतं की सोलापूरला पण एक मोठं डेटा सेंटर आणा, पोरांना नोकऱ्या लागतील. इच्छा चांगली आहे ओ, पण आधी ते प्रकरण असतं काय ते तरी बघू. माझं कॉम्प्युटर रिपेरिंगचं काम आहे म्हणून लिहितोय.

डेटा सेंटर, म्हणजेच सर्व्हर फार्म, ही एक भलीमोठी बिल्डिंग, आत १९ इंची लोखंडी रॅक रांगेनं उभे आणि त्यात चपटे सर्व्हर (डेटा साठवून इंटरनेटवरून पुरवणारे कॉम्प्युटर) एकावर एक बसवलेले, ना स्क्रीन ना कीबोर्ड. एका बाजूनं थंड हवा आत सोडायची, मागून गरम हवा ओढून घ्यायची, आत येणारी हवा साधारण १८ ते २७ डिग्रीत ठेवायची, तेही बारा महिने चोवीस तास. लाईट गेली की बॅटऱ्या लगेच लोड उचलतात, तेवढ्यात डिझेल जनरेटर चालू होतो. इंटरनेटची लाईन पण दोन वेगळ्या रस्त्यांनी आणलेली असते, म्हणजे एकीकडं जेसीबीनं खोदून केबल तोडली तरी दुसरी चालू.

हे सगळं एकट्या संस्थेनं करायचं म्हटलं तर दिवाळं निघेल, म्हणून जागा नाहीतर सर्व्हरच भाड्यानं घेतात. आपल्या कारखान्यात एक माग बंद पडला म्हणून बाकीचे थांबत नाहीत ना, तसंच तिथं एक मशीन गेलं की काम दुसऱ्यावर जातं, गिऱ्हाइकाला कळत पण नाही (अर्थात तशी सोय आधी करून घेतलेली पाहिजे, नुसतं भाडं भरून होत नाही). दहावीच्या निकालाच्या दिवशी राज्यातली १५ लाखांवर पोरं आणि त्यांचे आईबाप एकाच वेळी वेबसाईटवर तुटून पडतात, त्या एका दिवसासाठी जादा सर्व्हर विकत कोण घेऊन ठेवणार? भाड्यानं घ्यायचे आणि गर्दी संपली की सोडून द्यायचे. टिअर थ्री (चार दर्जांपैकी तिसऱ्या) दर्जाच्या सेंटरचा हिशोब ९९.९८२ टक्के वेळ चालू असा असतो, म्हणजे अख्ख्या वर्षात बंद फार तर दीड-पावणेदोन तास. आपल्याकडं वैशाखातलं एक वादळ आलं तरी याच्यापेक्षा जास्त वेळ अंधार असतो.

आता सोलापूरला का नको. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापेला ही सेंटर झाली कारण समुद्राखालच्या इंटरनेटच्या केबली मुंबईला येऊन लागतात आणि मोठी गिऱ्हाइकं पण तिथंच आहेत. आपल्याकडं वीज आहे, एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प शेजारीच आहे, पण पाण्याचं काय? अशा बऱ्याच बिल्डिंगा थंड ठेवायला पाण्याचे कूलिंग टॉवर लागतात, आणि इथं उजनीत पाणी असूनसुद्धा नळाला काही दिवसांआड येतं. त्यात मे महिन्यात पारा ४३ च्या पुढं. आणि नोकऱ्या म्हणाल तर बांधकाम संपल्यावर आत माणसं कमीच लागतात.

मला खरी काळजी वेगळीच आहे. मी ज्या पतसंस्था, दवाखाने, टॉवेलवाल्यांची ऑफिसं बघतो, तिथं 'सर्व्हर' म्हणजे काउंटरखाली चपलांशेजारी ठेवलेला एक डबा. झाकण उघडलं की पंख्यावर सुताच्या धुळीचा जाड थर, नखानं खरवडला तर अख्खा निघतो. बॅकअप (डेटाची दुसरी कॉपी) कुठंय विचारलं की त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधली हार्ड डिस्क काढून दाखवतात. म्हणजे आग लागली तर दोन्ही सोबतच जाणार. त्यापेक्षा हा डेटा भाड्यानं एखाद्या डेटा सेंटरमधे ठेवा.

मोठ्या ठिकाणी पण आग लागते बरं का. मार्च २०२१ मधे फ्रान्सच्या स्ट्रासबर्गला सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या ओव्हीएच कंपनीची एक अख्खी बिल्डिंग जळाली. ज्यांची कॉपी दुसऱ्या गावात होती ते परत उभे राहिले, आणि ज्यांनी सगळं तिथंच ठेवलं होतं त्यांच्यातल्या कित्येकांचा डेटा कायमचा गेला. म्हणून नुसतं भाडं भरून निवांत झोपू नका, दुसरी कॉपी लांबच्या शहरात ठेवा.

पतसंस्थांच्या वार्षिक सभेत लाभांश किती आणि जेवणात काय एवढंच विचारतात लोक. सभासदांनी उठून दोनच प्रश्न विचारावेत: आमच्या खात्यांची दुसरी कॉपी कुठल्या गावात आहे, आणि ती परत लोड होते का हे शेवटचं कधी तपासलं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर