दिसत नाही म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाला. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात काही कारखान्यांच्या ऑफिसांत जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आली आहे. ते चांगलेच झाले, चालते मशीन भंगारात कशाला घालायचे? पण पेनड्राइव्ह लावला आणि स्क्रीनवर त्याचे चित्र (आयकॉन) आले नाही की दुरुस्तीवाले सर्रास सांगतात, "करप्ट झालाय, फॉरमॅट मारून देतो," म्हणजे आतले सगळे पुसून देतो. याविषयी कळकळीने लिहिते आहे.

मी टॉवेल आणि चादरीची जकार्ड डिझाइन, म्हणजे जकार्ड यंत्रावर विणायची नक्षी, करते. इलेक्ट्रॉनिक जकार्डला डिझाइनची फाइल बहुतेक ठिकाणी पेनड्राइव्हनेच जाते. शेजारच्या एका कारखानदार काकांच्या ड्राइव्हवर हॉटेलांची नावे विणायची जुनी डिझाइन होती. एका दुकानात तो फॉरमॅट झाला. आता त्याच हॉटेलची ऑर्डर आली की जुना टॉवेल समोर ठेवून, भिंगातून धागे मोजत नाव पुन्हा उतरवावे लागते.

खरे तर आधी बघायला मिनिटही लागत नाही. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून 'एलएसबीएलके' (lsblk) टाइप करावे. जोडलेल्या डिस्कची यादी येते. ड्राइव्ह काढून एकदा, लावून एकदा यादी पाहिली की नवी ओळ कोणती ते कळते. आकारावरूनही ओळख पटते: 16 जीबीचा ड्राइव्ह तिथे 15 च्या थोडा खाली दिसतो. समजा एसडीबी (sdb) खाली एसडीबी1 (sdb1) असे नाव आले, तर ड्राइव्ह मशीनला सापडला आहे, बहुधा फक्त माउंट व्हायचा, म्हणजे एखाद्या फोल्डरमध्ये उघडायचा, राहिला आहे. नाव दर वेळी तेच असेल असे धरू नये, एसडीए (sda) ही कॉम्प्युटरची स्वतःची डिस्कही असू शकते. यादीत नवी ओळ नसेल तर 'सुडो डीमेसेज' (sudo dmesg) च्या शेवटच्या ओळी पाहाव्यात; 'सुडो' म्हणजे आज्ञा मुख्य अधिकाराने चालवणे. तिथेही नव्या यूएसबीची नोंद नसेल तर आधी पोर्ट बदलावा.

ड्राइव्ह यादीत दिसला की मग 'सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/एसडीबी1 /एमएनटी' (sudo mount -o ro /dev/sdb1 /mnt), एसडीबी1 च्या जागी यादीत आलेले नाव. यातल्या 'आरओ'मुळे ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतो, आतल्या फाइलींना धक्का लागत नाही. एमएनटी फोल्डरमधून सगळे कॉपी करून घ्यावे. त्यानंतर फॉरमॅट करायचाच असेल तर खुशाल करा.

काढतानाही घाई नको. 'आरओ' न लावता उघडलेल्या ड्राइव्हवर फाइल टाकली की लिनक्स ती आधी मेमरीत ठेवते आणि सवडीने लिहिते. स्क्रीनवरची कॉपीची पट्टी भरली, कॉपी संपली असे दिसते, पण शेवटचा भाग अजून उतरलेला नसतो. तेवढ्यात ड्राइव्ह उपटला की जकार्डला अर्धी फाइल मिळते. मशीनने ती नाकारली तर नशीब. घेतली तर बॉर्डर बिघडते आणि सूत वाया जाते. म्हणून 'सुडो यूमाउंट' आणि पुढे ड्राइव्ह ज्या फोल्डरमध्ये उघडला आहे त्याचे नाव (वरच्या उदाहरणात sudo umount /mnt) द्यावे आणि प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची आज्ञा टाइप करायची ओळ, परत येईपर्यंत हात लावू नये. मोठ्या फाइलीला वेळ लागतो, लागू द्यावा.

शहरातल्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी एवढा भाग पहिल्याच आठवड्यात शिकवावा. दुरुस्तीच्या दुकानांनी फॉरमॅटपूर्वी ही यादी गिऱ्हाइकाला स्क्रीनवर दाखवावी. आपणही या आज्ञा ठळक चौकटीत छापाव्यात, कापून ऑफिसात चिकटवता येतील.

आपली,
एक जकार्ड डिझायनर, पूर्व भाग, सोलापूर