वाहक म्हणजे पेशंट नाही हो

मा. संपादक,

सिकलसेल तपासणीच्या बातम्या पेपरात येतात, इतके तपासले इतके पॉझिटिव्ह निघाले, बस. पॉझिटिव्ह म्हणजे नक्की काय निघालं ते कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. दोघांकडून दोष आला तर रुग्ण (एसएस), एकाकडूनच आला तर नुसता वाहक (एएस).

मी चंद्रपूर जिल्ह्यात बरीच वर्षं लॅबमध्ये काढली, आता रिटायर आहे. शिबिरात आम्ही करायचो ती सॉल्युबिलिटी टेस्ट. ट्यूबमधल्या द्रावणात थोडंसं रक्त टाकायचं, थोडं थांबायचं आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. आता गंमत अशी की गढूळ ट्यूब वाहकाचीही असते आणि रुग्णाचीही. एएस की एसएस ते पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघणाऱ्या टेस्टला कळतं, पण तोवर गावात बोभाटा झालेला असतो की अमक्याच्या पोराला सिकलसेल आहे.

मागच्या महिन्यात शेजारचा पोरगा आला, बारावीला आहे, एनडीएचं वेड. रिपोर्ट एएस. क्लासवाल्या सरांनी फाईलमध्ये सिकलसेल तपासणीचं कार्ड बघितलं आणि म्हणाले तू पायलटचं सोड, मेडिकलमध्येच उडशील. अहो, मेडिकल बोर्ड तुम्ही आहात का? बोर्डाने अनफिट ठरवलं तरी अपील असतं, रिव्ह्यू असतो, आणि हे मात्र एका वाक्यात मोकळे.

हे असंच अमेरिकेत होऊन गेलंय. टेक्सासच्या फोर्ट ब्लिसला ट्रेनिंगमध्ये ४ कृष्णवर्णीय रिक्रूट दगावले, चौघंही वाहक, १९७० मध्ये ते छापून आलं. जागेची उंची साधारण ४ हजार फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा जरा कमीच! पण उंचीवर ऑक्सिजन कमी आणि तिथे वाहकाच्या पेशी वाकड्या होणार, या भीतीने हवाई दलाच्या अकादमीने वाहकांना दारच बंद केलं. पुढे एका कॅडेटला याच कारणासाठी घरी जावं लागलं, तो कोर्टात गेला, तेव्हा कुठे १९८१ मध्ये बंदी उठली. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये लायनस पॉलिंगसारख्या नोबेलवाल्या माणसाने लिहिलं होतं की वाहकांच्या कपाळावर खूण गोंदवा, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. आपल्याकडे नुसतं कार्ड देतात, पण क्लासवाल्यांच्या हातात पडलं की त्याचंही गोंदणच होतं.

वाहकाला काहीच होत नाही असं मी म्हणत नाही, ते खोटं होईल. अमेरिकेतल्याच १९८७ च्या अभ्यासात वाहक रिक्रूटांमध्ये ट्रेनिंगच्या वेळी अचानक मृत्यूचं प्रमाण खूपच जास्त दिसलं होतं. उन्हात, पाणी न पिता, अंगात ताकद नसताना रेटून पळवलं तर स्नायू फुटतात, किडनी बसते. पण मग तिथल्या सैन्याने पाणी, विश्रांती आणि हळूहळू उन्हाची सवय हे नियम सगळ्यांनाच लावले, आणि २०१६ मध्ये जवळपास ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास आला त्यात वाहकांचे मृत्यू जास्त नव्हते. स्नायू फुटण्याचा धोका मात्र ५४ टक्के जास्त होता, तो आहेच. म्हणजे नियम बदलायचा तो पळवण्याचा, पोराला घरी पाठवण्याचा नाही. आणि फायटरच्या पायलटच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क असतो राव, मैदानात पळणाऱ्या शिपायाच्या तोंडाला काय असतं?

विदर्भात नि नंदुरबारकडे वाहक खूप, त्यात आदिवासी आणि दलित घरांतली पोरं जास्त. २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेलचं मिशन सुरू केलं, ७ कोटी लोक तपासायचं ठरवलं, उत्तम. पण मग जितकी पोरं तपासाल तितक्या पोरांच्या फाईलीत हा कागद जाणार. म्हणून आरोग्य खात्याला विनंती, कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरात मराठीत छापा की एएस म्हणजे आजार नाही. आणि भरतीच्या जाहिरातीत सिकलसेल वाहकाबद्दल काय नियम आहे ते एका ओळीत स्पष्ट लिहा, म्हणजे क्लासवाल्यांना ज्योतिषी व्हायची गरज पडणार नाही.

पोरगा रोज पहाटे पळतोय. मी फक्त पाण्याची बाटली सक्तीची केलीय आणि मे महिन्यात साडेसातनंतर मैदानात दिसलास तर तंगडी तोडीन म्हणून सांगितलंय.

आपला,
एक रिटायर लॅब टेक्निशियन, जि. चंद्रपूर