आत्याला एवढ्यात काही सांगू नकोस

मरोळ, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

आत्याचा फोन तुला येऊन गेला असणार. मला दोनदा आला, मी उचलला नाही. तुझेही तीन मिस्ड कॉल दिसतायत. फोनवर आधी तू ओरडशील, मग मी ओरडेन, आणि खालचा भाडेकरू काठीने छत ठोकेल, म्हणून वहीची पानं फाडून लिहायला बसलोय. मेमधल्या पेट्या मिळाल्याचंही कळवलं नव्हतं. मिळाल्या, दोन आंबे डागी निघाले. प्रकृती बरी, गुडघा आहे तसाच.

तर आत्याचा पिंट्या. तुला आत्याने सांगितलं असेल की गण्याने त्याला कामावरून काढवला. काढलेला नाही. चौकशी होईपर्यंत विमानतळाचा पास जमा करून घेतलाय आणि ड्युटी लावत नाहीत. पण तक्रार केली ती मीच, एवढं खरं.

मंगळवारची रात्रपाळी. पावणेतीनला ए३२० विमान आलं, लांबच्या बेवर, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवर, आणि ते आधीच उशिरा आलेलं. टीम लीडर वॉकीटॉकीवर सगळ्यांच्या आवशीचा उद्धार करत होता. पाऊस असा की रेनकोटच्या आतून वाहत होता. आम्ही नेहमीसारखे लांब उभे. इंजिन थांबून पोटाखालचा लाल दिवा विझत नाही तोवर कुणी पुढे पाऊल टाकायचं नाही. दिवा विझला, चाकांना चॉक लागले, भोवती ट्रॅफिकसारखे कोन ठेवले. होल्ड म्हणजे विमानाच्या पोटातली सामानाची खोली. मी पुढच्या होल्डला, पिंट्या मागच्या.

बीएफएल म्हणजे बॅगा चढवायचा-उतरवायचा तो पट्ट्याचा गाडा, ज्याचा फोटो बघून तू म्हणालास की आमच्या चिरेखाणीवर असाच पाहिजे. तो विमानाला लावताना लांबच दोन वेळा थांबून ब्रेक बघायचा. शेवटच्या टप्प्यात खाली एक माणूस हातवारे करायला हवाच. आणि टेकवायचा नाही, फट ठेवायची. सामान भरलं की विमान खाली बसतं, काढलं की वर येतं. एवढं धूड आपल्या लोकांच्या बॅगांनी वरखाली होतं, यावर तुझा विश्वास बसणार नाही.

पिंट्याचा गाडा ओल्यात घसरला. आवाज कुणाला गेला नाही, पावसात काय जाणार. बॅगा उतरवून झाल्यावर मी मागे गेलो, सवयीने टॉर्च फिरवला, तर होल्डच्या दाराच्या चौकटीखाली पत्रा दबलेला. वाटीच्या बुडाएवढा. पिंट्या माझ्या शेजारीच उभा. म्हणतो, ‘दादा, पाणी चमकतंय.’ मी त्यावर बोट फिरवलं. पाणी नव्हतं.

मेल्या, तुला खरं सांगतो, मी टॉर्च बंद केला होता. दहाएक सेकंद असेल. पुढच्या उड्डाणाची माणसं बसमधून यायची होती, टीम लीडर कानात ओरडत होता, आणि डोळ्यांसमोर आत्या.

मग ट्रेनिंगमधली ती गोष्ट आठवली. डिसेंबर २००५, अमेरिकेतल्या सिएटलचा विमानतळ, अलास्का एअरलाइन्सचं विमान. रॅम्पवरच्या एकाची गाडी विमानाला घासली, तो काही बोलला नाही. विमान सव्वीस हजार फुटांवर गेलं तेव्हा त्याच जागी पत्रा फाटून फूटभर भोक पडलं, आतली हवा सुटली, मास्क खाली आले. माणसं सुखरूप परत उतरली. वर गेलं की आतल्या हवेने विमान फुग्यासारखं ताणतं, उतरलं की सैल पडतं. दबलेली जागा दर खेपेला तो ताण खाते. ट्रेनिंगच्या मास्तरांनी सांगितलं तेव्हा मी मागच्या बाकावर पेंगत होतो, तरी डोक्यात कुठेतरी बसलं होतं.

मी इंजिनिअर साहेबांना बोलावलं. त्यांनी पट्टी लावली, खोली मोजली, फोटो काढले, पुस्तक उघडलं. माणसं दुसऱ्या विमानाने गेली, पहाटे. पोचा मापात बसला की नाही ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आम्हाला कोण सांगतो?

आता रेस्टरूममध्ये माझं नाव हरिश्चंद्र. चहाची किटली माझ्यापर्यंत येईतो रिकामी होते. परवा एकाने विचारलं, ‘तारामती कशी आहे?’ मलाच हसू आलं.

पण बाळ्या, हे सगळं मी तुला फोनवरही सांगू शकलो असतो. पत्र लिहितोय ते पुढच्यासाठी.

रिपोर्टात मी लिहिलं, ‘मी पुढच्या होल्डला होतो, बीएफएल गाईड माणसाशिवाय लावण्यात आली.’ यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त एक वाक्य लिहिलं नाही. एक माणूस कमी होता, पिंट्या मला शोधत पुढे आला होता, ‘दादा, मागे येताय ना?’ म्हणून. आणि मी म्हणालो होतो, ‘घे लाव रे, मी आलोच.’ आलो नाही. पुढच्या होल्डमध्ये उकिडवा बसून बॅगा ओढत राहिलो.

पिंट्यानेही हे कुणाला सांगितलेलं नाही. त्याचा जबाब मला दाखवला, त्यात माझं नाव नाही. सही करताना त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कलिन्याची ती रांग आठवते? जुलै २०२४. लोडरच्या जागांसाठी हजारोंनी पोरं, पदवीधरसुद्धा, हातात फायली, एकमेकांच्या अंगावर. तू दोन तासांत ‘मी आपले आंबे विकेन’ म्हणून सटकलास. पिंट्या थांबला, कारण मी म्हणालो थांब. तिथे काही झालं नाही, मग वर्षभराने आमच्या कंपनीत मीच त्याला चिकटवला. आत्याने माझ्या हातावर पेढा ठेवला होता.

आणि हो, तुझ्या डोक्यात आता होडी आली असेल. येऊ दे. होडीच्या बाबतीत मी अजूनही म्हणतो की तू अण्णांना सांगायची गरज नव्हती. फळीला चीर आधीपासून होती. सात महिने बोललो नाही ते बरोबरच केलं. फार तर पाच पुरे होते.

तुझं काय? बायकोची तारीख जवळ आली ना? डॉक्टर कुडाळचाच की गोव्याला नेणार? पंपाचं कर्ज मंजूर झालं का? कलमांना फवारणी वेळेवर कर, मागल्या वर्षी हळहळत बसलास. एप्रिलमध्ये दुबईच्या विमानात हापूस चढवताना पेट्यांवर तुझं गाव शोधतो, पण सगळ्यांवर नुसतं देवगडच.

गुरुवारी सेफ्टीवाल्यांनी मला परत बोलावलंय. ते वाक्य त्यांना सांगायचं ठरवलंय. कालही ठरवलं होतं. सांगितलं तर पिंट्याचं थोडं हलकं होईल, माझं काय होईल कोण जाणे, सुपरवायझरच्या परीक्षेचं तर विसरूनच जायचं. तू गुरुवारी सकाळी सातला फोन कर. मी उचलेन. ओरड हवा तेवढा, पण फोन कर.

आत्याला तोवर काही सांगू नकोस. तिला मीच सांगेन.

तुझा,
गण्या

ता. क. पिंट्या आज संध्याकाळी खोलीवर येऊन गेला. मी पाळीवर होतो. दाराच्या कडीला माझा रेनकोट अडकवून गेलाय, त्या रात्री मी बेवरच विसरलो होतो तो. धुऊन, घडी घालून.