पट्टी ५५ लाच का येते?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कॅन्सरवरच्या ओलापॅरिबसारख्या औषधांबद्दल पेपरात येतं, पण ते ज्या पार्प-१ एन्झाइमला अडवतं ते लॅबमध्ये दिसायला काय मारामारी करावी लागते ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. डीएनए तुटला की पार्प-१ तिथे जाऊन चिकटतं आणि बाकीच्या दुरुस्तीवाल्यांना बोलावतं. पार्प-१ ला हुडकून चिकटणारी अँटीबॉडी लावली की वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन वजनानुसार वेगळी करून पडद्यावर बघायची चाचणी) ११६ किलोडाल्टनला (हे प्रोटीनच्या वजनाचं माप) पट्टी यायला हवी, पेशी मरायला लागली की कॅस्पेज नावाचं एन्झाइम ते कापतं, मग ८९ ला. आमच्या अँटीबॉडीच्या नव्या व्हायलने (बाटलीने) दिली ५५ जवळ, चांगली जाडजूड, आणि कहर म्हणजे ज्या पेशींतून पार्प-१ चा जीनच उडवलाय त्यांच्यातही तीच! म्हणजे ही अँटीबॉडी भलत्याच प्रोटीनला चिकटतेय. सप्लायर म्हणतो तुमचं ब्लॉकिंग (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून पडदा आधी झाकून घेणं) चुकलं, झालं, दोन महिने मी कधी दूध पावडर कधी बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) करत बसले, पट्टी तिथेच. खरेदीवाले फक्त सगळ्यात स्वस्त कोटेशन बघतात, नॉकआउट (जीन उडवलेल्या) पेशींवरचा ब्लॉट दाखवा अशी अट टाकायला काय जातं हो?

– एक वैतागलेली पीएचडीवाली, पुणे