अंगावर असेल तेच आपलं

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

विमान चालवणारा माणूस सुऱ्या नि शिट्ट्यांच्या नादी का लागतो, असं विचारलंयस. खवचटपणा पोचला! पण तू रानात निघालायस नि सोबत न्यायच्या सामानाची यादीही पाठवलीयस, म्हणून सविस्तर लिहितो.

मोठ्या विमानांकडे मी वळलोच नाही. एका इंजिनाचं छोटं विमान, खाली जंगल नाहीतर डोंगर. इंजिन बंद पडलं तर उतरायचं कसं, हे आमच्याकडून घोटून घेतलं. उतरल्यावर रात्र कशी काढायची, ते मात्र शेवटच्या तासाला उरकलं. तिथून हा नाद लागला.

विमानात ईएलटी असतो, आदळल्यावर आपोआप संकेत पाठवणारा. पण त्याच आदळण्यात अँटेना तुटली की तो मुका. शिवाय विमान पेटलं किंवा बुडालं तर मागच्या पिशवीतलं सामानही गेलं. म्हणून आम्हा वैमानिकांत म्हणतात, अंगावर असेल तेच आपलं. माझ्या जाकिटाच्या खिशात पीएलबी असतो, उपग्रहामार्फत मदतीचा संकेत पाठवणारा छोटा बीकन. तूही घे, पण 406 मेगाहर्ट्‌झचाच. जुना, फक्त 121.5 वर चालणारा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नकोस. 1 फेब्रुवारी 2009 पासून उपग्रह त्या वारंवारितेवर कान देत नाहीत.

आता विस्तव. गॅसचा लायटर कडाक्याच्या थंडीत रुसतो, कारण शून्याच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही. फेरो रॉड, म्हणजे घासल्यावर ठिणग्या पाडणारा धातूचा दांडा, भिजला तरी पुसून चालतो. मात्र नव्या रॉडवर काळा लेप असतो, तो खरवडल्याशिवाय धड ठिणगी पडत नाही. रॉड सुरीच्या पाठीने घासायचा, म्हणून त्या पाठीची कड काटकोनी हवी. गुळगुळीत पाठ नुसती घसरते. सोबत व्हॅसलीन चोळलेले कापसाचे बोळे ठेव. बोळा पिंजून ठिणगी पाडलीस की काही मिनिटं जळतो, तेवढ्यात काटक्या धरतात.

तुझ्या यादीतली ती पोकळ मुठीची सुरी आधी खोड. सिनेमात शोभते, पण लाकूड फोडताना नेमकी मुठीपाशी मोडते. पातं मुठीच्या टोकापर्यंत एकसंध हवं. मधे भोक असलेला आरसा मात्र जरूर घे. ऊन असेल तर त्याची तिरीप मैलोन्‌मैल दिसते, आणि वरून शोधणाऱ्याला हिरव्या झाडीत माणूस दिसणं किती अवघड, ते मला विचार.

एक चाचणी कर. बर्फाच्या पाण्यात बोटं बधिर होईपर्यंत हात बुडव आणि मग प्रत्येक वस्तू उघडून, वापरून बघ. जी उघडणार नाही ती घरी ठेव, मग तिची कितीही जाहिरात असो.

बीकनची नोंदणी निघण्याआधी कर. संपर्कासाठी माझा नंबर दे. संकेत आला की बचाव केंद्रवाले आधी तिथेच फोन करून खातरजमा करतात, आणि वहिनी अनोळखी नंबर उचलत नाहीत.

तुझा,
उडता मित्र