हात न लावता कोणी पडत नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही आयकिडोच्या, म्हणजे समोरच्याचा तोल मोडून पाडायच्या जपानी युद्धकलेच्या, शिबिराचा मोठा रंगीत फोटो छापलात, गुरुजींनी नुसता तळहात पुढे केलाय आणि पाच मुलं मागच्या मागे उडालीत, आणि खाली लिहिलंय 'अंतर्गत ऊर्जेचा चमत्कार'. तो फोटो बघून मला रात्रभर झोप लागली नाही. कारण त्याच शिबिरात माझी भाची गेली होती, चौदा वर्षांची आहे, आणि त्या फोटोत ती नाही कारण ती पडली नाही.

शिबिराचं नाव मी लिहीत नाही, गुरुजींचंही नाही, मला कुणाची बदनामी करायची नाहीये. पण झालं ते सांगते. मुलींना ओळीत उभं केलं, डोळे मिटायला लावले, दीर्घ श्वास घ्यायला लावले, आणि सांगितलं की आता मी ऊर्जा सोडतोय, जिचं मन शुद्ध असेल तिला धक्का जाणवेल. बाकीच्या एकेक करून मागे गेल्या. ही तशीच उभी. मग तिला सगळ्यांसमोर सांगितलं की तुझ्या मनात शंका आहे, तुझी एनर्जी निगेटिव्ह आहे, तू बाजूला बस. घरी आली ती गप्प, जेवली नाही, आणि रात्री मला विचारते, "आत्या, माझ्यात काही खराब आहे का?"

संपादक साहेब, मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, दांडिया बाजारात वाढले, लहानपणी दोरीचा मल्लखांब केला आणि गेली अकरा वर्षं आयकिडो करते. म्हणजे मी आयकिडोच्या विरोधात नाही, उलट माझा जीव आहे त्यात, म्हणूनच राहवत नाही.

त्या रात्री मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि माझ्या भावाला, म्हणजे तिच्या बाबांना, खुर्चीवर बसवलं. भाऊ ब्याण्णव किलोचा. त्याला म्हटलं पाठ टेकून बस, पाय पुढे जमिनीवर ठेव, हात मांडीवर. मग मी एक बोट त्याच्या कपाळावर टेकवलं आणि म्हटलं ऊठ. नाही उठता आलं त्याला! लाल झाला, हसायला लागला, परत जोर लावला, नाही. मग भाचीने बोट लावलं, तरी नाही. तिने विचारलं की ही ऊर्जा का. मी म्हटलं बाबा कसा उठतो ते नीट बघ. खुर्चीवरून उठताना माणूस आधी डोकं आणि छाती पुढे झुकवतो, म्हणजे अंगाचा भार पावलांवर येतो आणि मगच ढुंगण सुटतं खुर्चीवरून. कपाळ अडवलं की भार पुढे येतच नाही, मग ब्याण्णव काय आणि दीडशे काय. तुमच्या वाचकांनी आज जेवण झाल्यावर घरात हे करून बघावं, दोन मिनिटं लागतात आणि कॅम्पची फी लागत नाही.

दुसरी गोष्ट त्या शिबिरात दाखवली ती म्हणजे 'न वाकणारा हात'. ही मात्र खरी आहे आणि फार सुंदर आहे. हात लांब करून मनगट समोरच्याच्या खांद्यावर ठेवायचं, समोरच्याने दोन्ही हातांनी आपला कोपर धरून खाली ओढायचा. पहिल्यांदा मूठ आवळून हात कडक करा, वाकतो. मग मूठ सोडा, बोटं उघडा, आणि मनात आणा की हातातून पाण्याची धार समोरच्या भिंतीपर्यंत चाललीय. आता वाकत नाही. सगळ्यांना वाटतं काहीतरी दैवी झालं. आता यात होतं काय, तर कोपर वाकवायचा स्नायू दंडाच्या पुढच्या बाजूला आणि सरळ ठेवायचा मागच्या बाजूला. सगळा हात आवळला की दोन्ही एकदम आवळले जातात, म्हणजे पुढचा स्नायू समोरच्याच्याच बाजूने काम करतो, आपण आपल्यालाच वाकवत असतो. हात मोकळा सोडून लांबवर जायचं मनात आणलं की पुढचा ढिला पडतो आणि मागचा एकटा नीट काम करतो. शिवाय कोपराचा खळगा कुठल्या दिशेला वळलाय यावरही बरंच असतं, काही जण तो हळूच आडवा फिरवून घेतात आणि समोरचा मग सांध्याच्या उलट्या बाजूला वाकवत बसतो. आणि दुसऱ्या वेळी ओढणाराही थोडा थकलेला असतो, थोडा भारावलेलाही असतो हे विसरू नका.

पाण्याच्या धारेची कल्पना वाईट नाहीये हो. मी स्वतः नवीन मुलींना हेच सांगते, कारण "पुढचा स्नायू ढिला सोड आणि मागचा लाव" असं सांगून कुणालाच जमत नाही, धार म्हटलं की पटकन जमतं. शरीराशी बोलायची ती भाषा आहे. आखाड्यातले वस्ताद पण असंच बोलायचे, "खुंट्यासारखा रुत", "पाण्यासारखा निसट". पण म्हणून कुणी पैलवानाच्या पायाला मुळं फुटतात असं छापत नव्हतं. मुलीला धार सांगा आणि सराव झाल्यावर जवळ बसवून स्नायूचंही सांगा, दोन्ही तिच्याजवळ पाहिजे.

हे उडून पडण्याचं सांगते आता, कारण बाहेरच्या माणसाला तेच नाटकी वाटतं. आयकिडोत जोडीदार लवकर पडतो याला खरं कारण आहे. शिहोनागे नावाचा डाव आहे, त्यात मनगट धरून हात खांद्याच्या मागे घडी करून खाली नेतात. तिथे जोडीदार हट्टाने उभा राहिला तर कोपर नाहीतर खांदा जातो, आणि उशिरा पडला तर डोक्याची मागची बाजू आपटते. म्हणून आम्ही पहिले कित्येक महिने फक्त पडायलाच शिकतो, हनुवटी छातीला, पाठ गोल, हात मॅटवर. मल्लखांबावरून उडी घेताना गुडघे कसे द्यायचे हे जसं आधी शिकवतात तसंच. म्हणजे पडणं हे स्वतःला वाचवणं आहे. पण हीच सवय वर्षानुवर्षं एकाच गुरूसमोर लागली की शरीर आधीच पडायला तयार असतं, गुरुजींचा खांदा हलला की पाय सुटतात, आणि एक दिवस हात लागायच्या आधीच माणूस जातो. पडणाऱ्याला वाटतं मला ढकललं, गुरुजींना वाटतं मी ढकललं. दोघंही खोटं बोलत नसतात, आणि म्हणूनच ते इतकं घातक आहे.

जपानमध्ये यानागी र्युकेन नावाचे एक वयस्कर गुरू होते, ते असंच हात न लावता शिष्यांना पाडायचे. 2006 साली त्यांनी बाहेरच्या एका फायटरसमोर उभं राहून दाखवलं. बाहेरचा माणूस, त्याला पडायची सवय नव्हती. गुरुजींच्या नाकातोंडातून रक्त आलं आणि मिनिटाभरातच सगळं संपलं. तो व्हिडिओ लोक हसत हसत एकमेकांना पाठवतात, मला कधीच हसू आलं नाही. तो माणूस लबाड असता तर समोर उभाच राहिला नसता. त्याला खरंच वाटत होतं. त्याच्या शिष्यांनी प्रेमापोटी त्याला इतकी वर्षं खरं सांगितलं नाही.

कोणी म्हणेल, पण आयकिडो काढणारे उएशिबा मोरिहेई स्वतःच सारखे 'की', 'की' (म्हणजे हीच अंतर्गत ऊर्जा) करायचे, देवाचं बोलायचे. बोलायचे, खरंय. ओमोतो नावाच्या जपानी धर्मपंथाच्या देगुची ओनिसाबुरो यांना ते गुरू मानत, आणि 1925 मध्ये एका नौदल अधिकाऱ्याशी सामना झाल्यावर बागेत सोनेरी प्रकाशाने वेढल्यासारखा अनुभव आला असं ते सांगत. पण त्याआधीचं आयुष्य बघा ना. सव्वापाच फुटांच्या आतला माणूस, सैन्यात जाऊन आलेला, 1912 मध्ये होक्काइदोच्या थंडीत जंगल तोडून शेती करायला गेलेला. तिथेच 1915 मध्ये ताकेदा सोकाकू भेटले आणि त्यांच्याकडून दाइतो-र्यू या जुन्या जपानी कलेचे मनगट पिरगाळायचे, सांधे अडकवायचे डाव अंगावर घेऊन घेऊन शिकला. कंबर आधी तयार झाली, प्रकाश नंतर दिसला. आपण मात्र मुलांना डायरेक्ट प्रकाशावर नेतो!

आणि त्यांच्याच शिष्यांत दोन वाटा झाल्या. तोहेई कोइची यांनी 'की'वर भर दिला, 1971 मध्ये 'की सोसायटी' काढली, 1974 मध्ये मूळ संस्थेतून बाहेर पडले. न वाकणारा हात जगभर झाला तो त्यांच्यामुळे. त्यांच्यावर नाकामुरा तेंपू यांचा मोठा प्रभाव, आणि हे नाकामुरा सांगायचे की आपण हिमालयात एका योग्याजवळ राहून योग शिकलो, म्हणजे फिरून गोष्ट आपल्याकडेच आली. दुसरीकडे तोमिकी केंजी, मुळात जुडोचे, जुडो काढणाऱ्या कानो जिगोरोंच्या तालमीतले, वासेदा विद्यापीठात शिकवायचे. त्यांनी म्हटलं समोरचा खरोखर विरोध करणारा पाहिजे, आणि रबरी सुरा घेऊन हल्ला करणाऱ्याशी खेळायची स्पर्धाच आणली. जुडोत कुझुशी म्हणतात, म्हणजे पाडायच्या आधी समोरच्याचा तोल मोडणं. आमच्या गल्लीतले वस्ताद जपानला गेले नव्हते पण तेच सांगायचे, पैलवान उचलायचा नसतो, त्याचं वजन त्याच्या पायावरून सरकवायचं, मग तो आपला आपणच जातो. धोबीपछाड बघा, ढाक बघा, सगळं तेच.

आता मला सगळ्यात जास्त जे बोलायचंय ते. ही गोष्ट आपल्या वडोदऱ्यात व्हावी याचं दुःख आहे. उएशिबा जन्मले 1883 मध्ये. त्याच वर्षी इथून तीसेक किलोमीटरवरच्या डभोईत जगन्नाथ गणेश गुणे जन्मले, तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. 1907 ते 1910 ते बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे जुम्मादादांच्या आखाड्यात तयार झाले, मग मालसरच्या परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. म्हणजे गुरूवर श्रद्धा होतीच, कुणापेक्षा कमी नव्हती. पण त्यांना प्रश्न पडला की पोट आत ओढायच्या उड्डियानात आणि पोटाचे स्नायू घुसळायच्या नौलीत पोटाच्या आत होतं काय. तर 1920 च्या सुमाराला त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन इथल्याच सरकारी दवाखान्यात एक्स-रेखाली बघितलं. कोणत्या काळात, विचार करा! बस्तीत, म्हणजे आतडं धुवायच्या क्रियेत, पाणी आपोआप वर चढतं, लोक म्हणायचे वायू खेचतो. त्यांनी नौली करताना आतला दाब मोजला, तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो म्हणून पाणी चढतं हे दाखवलं, आणि त्याला नाव कुणाचं दिलं, तर गुरूचं, माधवदास व्हॅक्यूम. 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. मोजल्यामुळे त्यांचा योग लहान झाला का? गुरू लहान झाले का?

सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये गामा पैलवानाचा दगड आहे, 1200 किलोचा, 23 डिसेंबर 1902 ला त्याने उचलला असं त्यावर लिहिलंय. मी भाचीला मुद्दाम घेऊन गेले. ती म्हणाली, आत्या, डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरून वजन उचलायचा, रेकॉर्ड तर पाचशे किलोच्या थोडाच वर आहे, मग हा पूर्ण उचलला असेल की एक कड? मला इतकं बरं वाटलं. गामाबद्दलचा आदर तिचा जरा पण कमी झाला नव्हता, ती दगडाला हात लावून उभी होती आणि तो कुठून धरला असेल ते बघत होती.

शाळांना माझी हात जोडून विनंती आहे, मुलींसाठी सेल्फ डिफेन्सचा कॅम्प ठेवाल तेव्हा शिकवणाऱ्याला एवढंच म्हणा की तुमचा शिष्य नसलेली एक मुलगी घ्या, तिला सांगा पडू नकोस, आणि मग दाखवा. गरब्याच्या गर्दीत कोणी मनगट धरलं तर ती मुलगी श्वास घेऊन ऊर्जा सोडत बसेल आणि मग काय होईल, हे मनात आलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. आणि तुम्ही, संपादक साहेब, पुढच्या वेळी तुमच्या वार्ताहराला नुसता फोटो काढायला पाठवू नका, त्याला म्हणा तू पण ओळीत उभा राहा. तो पडला तर फोटो खुशाल छापा.

भाची आता मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्याबरोबर येते. मनगट सोडवायचं शिकतेय. पकड कुठली पण असो, अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिथे फट असते, आपलं हाड त्या फटीकडे वळवायचं, हात ओढायचा नाही, कोपर समोरच्याच्या कोपराकडे न्यायचा आणि कंबर बरोबर फिरवायची, गरब्यात गिरकी घेताना फिरते तशी. पहिले तीन आठवडे भावाने खरा जोर लावून धरलं की सुटत नव्हतं, रडायची, मनगट लाल व्हायचं, मी भावाला ढील देऊ दिली नाही. परवा सुटली. भावाने परत धरलं, परत सुटली. मग तिने स्वतःहून त्याला सांगितलं की बाबा, आता दोन्ही हातांनी धर.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा