सुळसुळीत ब्लाउजपीसच्या पिशव्या नकोत, टॉप शिवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत उरलेल्या कापडाच्या कृती येतात त्या बहुतेक पिशव्या, पाऊच आणि पायपुसण्यांच्या. सुती कापडासाठी त्या ठीक आहेत. पण घरोघरी कपाटात पडून असते ते रेयॉन, क्रेप, जॉर्जेट. काही कुर्ता शिवून उरलेले, काही ठाण्याच्या जांभळी नाक्यासारख्या बाजारातून कटपीस म्हणून आणलेले आणि पुष्कळसे म्हणजे साडीला जोडून आलेले, कधीच न शिवलेले ब्लाउजपीस. या कापडाची पिशवी लोंबते, पायपुसणे पायाखालून सरकते. त्याचा फॉल, म्हणजे अलगद खाली पडण्याची लकब, अंगावरच शोभतो. 80 सेंटिमीटरच्या, 44 इंची पन्ह्याच्या (कापडाच्या रुंदीच्या) एका ब्लाउजपीसमध्ये रोज घालायचा एक ढगळ टॉप आरामात निघतो. तरी हे कापड हाती घ्यायला बायका घाबरतात, कारण सुती कापडाच्या सवयीने कापले की ते फसतेच.

आधी कापड ओळखावे. कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळावा. कागदासारखा जळून राख झाली तर रेयॉन, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. रेयॉन धुतल्यावर मीटरमागे 3 ते 5 सेंटिमीटर आटते, म्हणून कापण्याआधी एकदा धुणे अनिवार्य. ओले रेयॉन बरेच कमजोर होते, त्यामुळे पिळू नये, निथळून सपाट पसरून वाळवावे. शेवटच्या पाण्यात भाताची गाळलेली पातळ पेज घातली तर कापडाला खळ बसते आणि ते चक्क सुती कापडासारखे वागते. टॉप तयार झाला की पहिल्या धुण्यात खळ निघून जाते. पॉलिस्टर फारसे आटत नाही, पण खळही धरत नाही. त्याला ब्राउन पेपरवर टाचून कागदासकट कापावे. छापील वर्तमानपत्राची शाई फिक्या रंगावर उतरते. कागदाने कात्रीची धार जाते, म्हणून जुनी पण धारेची कात्री वापरावी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे कापड दुमडून कापणे. खालचा पदर हळूच सरकतो आणि पुढचा भाग एका बाजूला अर्धा-पाऊण इंच मोठा निघतो. मग टॉप अंगावर फिरतो आणि दोष शिलाईला दिला जातो. म्हणून अर्ध्या भागाचा नव्हे, पूर्ण भागाचा कागदी नमुना करावा आणि कापड एकेरी पसरून, काठ (कापडाची विणलेली पक्की कडा) टेबलाच्या कडेला समांतर ठेवून कापावे. टेबलाखाली कापड लोंबू देऊ नये, त्याच्या वजनाने धागा तिरपा होतो.

36 छातीसाठी पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी साडेएकवीस इंच रुंद, 26 इंच लांब. दोन्ही पन्ह्यात शेजारीशेजारी बसतात, त्यामुळे छापील नक्षीही उलटी होत नाही. धुतल्यावर पन्हा 43 इंचांहून कमी भरला तर दोन्ही भाग सारखेच कमी करावेत. एकूण इंचभराने या टॉपचे काही बिघडत नाही. 38 च्या वर छाती असेल तर दोन्ही बाजूंना दुसऱ्या कापडाची 3 इंची पट्टी घालावी, घेर 4 इंचांनी वाढतो. बाही वेगळी लागत नाही, खांदाच दंडावर उतरतो. खांद्याच्या टोकाला सव्वा इंच उतार द्यावा. तो न दिल्यास बगलेत झोळ येतो.

गळा तयार झाल्यावर 7 इंच रुंद, पुढे 6 आणि मागे दीड इंच खोल हवा. कापताना सगळीकडून पाव इंच कमी कापावा, तो पाव इंच शिलाईत जातो. डोक्याचा घेर टेपने मोजून गळ्याचा घेर त्याहून निदान इंचभर जास्त आहे ना, हे कागदावरच पाहावे. कापल्याबरोबर, दुसरे काहीही करण्याआधी, गळ्याच्या कडेपासून 3 मिलिमीटरवर एकेरी शिलाई मारावी, खांद्याकडून मध्याकडे, दोन्ही बाजूंनी. गोलाईत धागा उरेब (तिरका) येतो आणि नुसते उचलण्याने गळा ताणला जातो. एकदा पसरलेला गळा इस्त्रीने परत येत नाही.

यंत्राला 14 किंवा 16 नंबरची सुई असेल तर ती काढून 9 किंवा 11 नंबरची नवी लावावी. जाड सुईने धागे ओढले जाऊन शिलाईशेजारी रेघा दिसतात. टाका दोन ते अडीच मिलिमीटर, ताण थोडा सैल. सुरुवातीला यंत्र कापड गिळते, तेव्हा खाली कागदाचा तुकडा ठेवावा आणि दोन्ही दोरे मागे धरावेत.

खांदे अर्ध्या इंचावर जोडताना त्याच कापडाच्या काठाची सेंटिमीटरभर पट्टी शिलाईत धरावी. काठ ताणत नाही, त्यामुळे खांदा लोंबत नाही. गळ्याला पातळ सुती कापडाची सव्वा इंची उरेब पट्टी आतून लावावी, त्याच कापडाची पट्टी लाटा धरते. बाजू फ्रेंच सीमने शिवाव्यात: आधी उलट्या बाजू आत ठेवून पाव इंचावर शिलाई, कडा 3 मिलिमीटर ठेवून छाटायच्या, उलटवून परत पाव इंचावर. रेयॉनचे धागे फार निघतात, त्यामुळे ओव्हरलॉक (कडा गुंफणारे यंत्र) नसलेल्या घरी हाच खात्रीचा मार्ग. हात जाण्यासाठी खांद्यापासून 8 इंच मोकळे सोडावे. बगलेच्या खुणेशी शिलाई उलटसुलट तीनदा मारून शेजारी आडवा काप द्यावा आणि वरची कडा पाव-पाव इंच दोनदा दुमडावी.

खालची दुमड मात्र त्याच दिवशी करू नये. टॉप रात्रभर हँगरला टांगला की जिथे उतरायचे तिथे कापड उतरते. मग कडा सरळ करून इंचभर दुमडावी. इस्त्री उलट बाजूने, दाबून उचलायची, घासायची नाही.

आपल्या पुरवणीने या टॉपचा पूर्ण मापांचा आराखडा 34, 36, 38 आणि 40 छातीसाठी चौकटीत छापावा, अशी विनंती. रांगोळी आणि फराळाला जागा मिळते, तसे वर्षातून एक पान शिवणालाही मिळावे.

आपल्या,
शिवणकाम शिकवणाऱ्या दोघी,
नौपाडा, ठाणे